तीन नोव्हेंबरपर्यंतची आत्या

रविवारी दुपारी दवाखान्याच्या ऑफिसकडे काळं कुत्रंही फिरकत नाही. बगळ्याला तेच हवं होतं. बगळा म्हणजे तिथला कॉम्प्युटरवाला. मान अशी लांब, की बसल्या जागेवरून शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते दिसावं. जुन्या मशीनमधल्या पेशंटांच्या नोंदी नव्या मशीनमध्ये न्यायच्या, की सुटला. जुनं मशीन आधी दिवस लिहायचं, मग महिना. नव्याला आधी महिना लागे. तेवढा बदल करायचं हा शहाणा विसरला, बटण दाबून मोकळा झाला आणि वर मस्त आळस दिला.

झालं. अकरा मार्चला वारलेल्या माणसाची मरणाची तारीख नव्या मशीनने वाचली तीन नोव्हेंबर. आणि अजून तर जुलै चालला होता. म्हणजे मशीनच्या हिशेबाने तो माणूस अजून जायचाच होता.

कॉरिडॉरमधले दिवे मिचमिचले. फिनाइलच्या वासात निलगिरीचा वास मिसळला. बाहेर बाकावर कुणीतरी खाकरलं... मग कुणीतरी हसलं. बगळा उठून दाराशी आला. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं.

बाक गच्च भरला होता. यंदाच गेलेली, उलट्या तारखांमुळे परतलेली मंडळी एकमेकांना टाळ्या देत होती. आणि मधोमध आत्या. आई गेल्यावर त्याला वाढवणारी, अकरा मार्चला दम्याने गेलेली. आता मात्र छाती भरभरून श्वास घेत होती.

"वाळलास की रे मेल्या," ती म्हणाली.

मेलेल्या बाईने हे म्हणावं. बगळ्याला आधी रडू फुटलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. त्याने लग्न ठरल्याचं सांगितलं. आत्याने मुलीच्या नशिबाची कीव केली आणि सगळा बाक खिदळला. शेवटी त्याने आत जाऊन तिची नोंद पाहिली, तारखा उलटल्याचं कळलं तशी तीन नोव्हेंबरची चूक तिच्यापाशी कबूल केली, आणि ती दुरुस्त करणार नाही असंही सांगून टाकलं. मोठे डॉक्टर नोकरीवरून काढतील, तर काढोत.

आत्या हसायची थांबली.

"म्हणजे तीन नोव्हेंबरला मला परत... तशीच धाप लागणार?"

बगळ्याने बोटांवर महिने मोजले.

"एकदा मेले तेवढं पुरे झालं, राजा. कर नीट."

त्याने तारखा सरळ करायला घेतल्या. आत्या खुर्चीमागे उभी राहून, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून चुका काढत होती. शेवटचं बटण दाबायला त्याचा हात उचलेना. मग तिनेच पुढे वाकून दाबलं, लहान मुलासारखं, जीभ बाहेर काढून. खांदा हलका झाला.

बाहेर बाक रिकामा. फक्त टोकाला टोपीवाले एक काका, पाय हलवत बसलेले. बगळ्याने चाचरत नाव विचारलं, आत जाऊन नोंद काढली. मरणाची तारीख यंदाचीच, पाच मे. पाचवा दिवस, पाचवा महिना. उलटी वाचा की सुलटी, तारीख तीच. मशीनच्या चुकीने हे आलेच नव्हते.

"काका," तो दारातूनच पुटपुटला, "मग तुम्ही... आलात कसे?"

"आलो कुठे? मी रोज इथेच असतो. तुला आज दिसलो, एवढंच." काकांनी प्रेमाने बाक थोपटला. "ये, बस. अरे, तिथे नको... तिथे ताई बसल्यात."