टर्बो नको म्हणाले ना!

नेहमीची गल्ली पाइपांसाठी खणून ठेवलेली, म्हणून त्या दिवशी ऑफिसमधून निघताना नेत्रा हाटकेश वस्तीच्या मागच्या गल्लीत शिरली, आणि तिला तिची स्वतःचीच गाडी दिसली. पांढरी जुनी झेन. मागच्या काचेवर चिमीनं, तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं, चिकटवलेलं पिवळं बदक. एका गाळ्याच्या दारात, बॉनेट उघडं टाकून उभी. आणि आत... इंजिनच नाही! नुसतं भगदाड, आणि त्या भगदाडात कमरेपर्यंत वाकलेला एक माणूस.

"ओ! काय चाललंय माझ्या गाडीत?"

माणूस सावकाश सरळ झाला. कपाळावर ऑइलचा पट्टा, कानामागे पेन्सिल, आणि डोळे... डोळे बघायच्या मनःस्थितीत ती नव्हतीच. दिसले, त्याला ती काय करणार?

"गाडी चंदनची हाय ना?"

"चंदन माझा धाकटा भाऊ. गाडी माझी. बाबांनी जायच्या आधी माझ्या नावावर केलीय. सर्व्हिसिंगला टाकतो म्हणून घेऊन गेला, आणि रोज 'उद्या' म्हणतोय तो!"

"सर्व्हिसिंग..." त्यानं हात फडक्याला पुसले. "मॅडम, पावसात इंजिनानं पाणी घेतलं. ते गेलं. दुसरं बसवायला लागंल. तुमचा भाऊ टर्बो बसव बोलला. मी बोललो, आधी मालकाची सही, मग आरटीओची परवानगी, मग इंजिन. तीन आठवडे सही आणतोय तो."

"मिळणार नाही सही!" नेत्रानं तिथंच भावाला फोन लावला.

"ताई, अगं सरप्राइज होतं ना! साधी झेन बघून लोक हसतात. टर्बो टाकली की बघ, सिग्नलला सगळे मागे..."

"चिमीला शाळेत सोडायला जाते मी, रेस लावायला नाही. टर्बो नको म्हणजे नको!" आणि तिनं फोन कापला. तिच्या गाडीचं काय करायचं ते सगळ्यांनी ठरवलं होतं, तिला सोडून.

"मग तुमाला काय पायजे?" तो म्हणाला.

हा प्रश्न तिला किती दिवसांनी कुणी विचारला होता! नवऱ्यापासून वेगळं होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्याच्याआधीची सहा वर्षं तिच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं: 'बघू'. दूध आणशील का? बघू. चिमीला ताप आहे, येतोस का? बघू. घरातून बाहेर पडताना तिनं स्वतःशी एकच ठरवलं होतं. ह्यापुढे कुणासाठी ताटकळायचं नाही.

पण हे ह्या अनोळखी माणसाला कसं सांगणार?

"मला... दाबलं की निघणारी गाडी पाहिजे," ती म्हणाली.

तो हसला नाही. आत वळून दोन चाव्या घेऊन आला. "बोलण्यात काय मजा न्हाय. चालवून बगा."

त्याचं नाव स्वरूप. मुर्धा गावचा, कोळ्याचा पोर. बापाच्या बोटीचं इंजिन खोलता खोलता गाड्यांकडे वळलेला. शनिवारी दुपारी त्यानं तिला दोन गाड्या चालवायला दिल्या. आधी टर्बोवाली. डोंगरीच्या चढावर पुढे एक टेम्पो रांगत होता. ओव्हरटेक करावा म्हणून नेत्रानं पाय दाबला. काही नाही... काहीच नाही... आणि मग गाडीनं अशी झेप घेतली की समोरचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला. करकचून ब्रेक दाबून तिनं गाडी कडेला घेतली.

"हे काय? आधी गप्प बसायचं आणि मग एकदम अंगावर यायचं! चांगली ओळखते मी असल्यांना!"

"गाडीबद्दल बोलताय ना?" स्वरूपनं हळूच विचारलं.

"गाडीबद्दलच बोलतेय!"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसरी गाडी साधी, बिनटर्बोची. ह्या लाइनीत तिला एनए म्हणतात. त्याच चढावर तिनं पाय दाबला आणि गाडी निघाली. जेवढं दाबलं तेवढी. सोडलं की मंदावली. नेत्रानं पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा सोडून बघितलं. कुणीतरी 'ओ' द्यावी तसं...

"ही," ती म्हणाली. "हीच."

"ह्यात दोन हायत. सोळाशे सीसीचं इंजिन आणि तेराशेचं. सोळाशेला दम जास्त. पण तुमच्या गाडीचं नाक जड होईल, वळणावर हट्ट करंल."

"हट्ट करायला घरी चिमी आहे. तेराशेचं."

"मीबी तेच बोलणार होतो."

"मग आधी का नाही बोललात?"

"गाडी तुमची हाय ना."

एवढंसं वाक्य ते. ते आपल्याला इतकं का आवडावं, म्हणून घरी पोहोचेपर्यंत ती स्वतःवरच चिडली होती.

मग परवानगीचे कागद फिरत राहिले, आणि तेराशेचं इंजिन गाळ्यात सुटं होऊन पुन्हा भरलं जाऊ लागलं. ऑफिस सुटलं की नेत्रा 'फक्त बघायला' डोकावायची. स्वरूप सागाची एक गुळगुळीत काठी कानाला लावून दुसऱ्या गाड्यांची इंजिनं ऐकायचा. काठीचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानावर, डोळे मिटलेले.

"मशीन नाहीत का तुमच्याकडे?"

"हायत. पण बापाची काठी हाय. खोटं बोलत न्हाय."

"आणि तुम्ही?"

त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "आमच्या घरात नव्या इंजिनाला पहिली चावी घरच्या बाईनं मारायची. बोटीला आईनं मारली. तुमच्या गाडीला तुमी मारायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाय."

त्या रात्री चिमीला थोपटताना नेत्रा स्वतःशीच हसत होती. "आई, काय झालं?" "काही नाही. झोप."

परवानगी आली. आणि मग... मग सुरू झालं. एक सील आलं नाही. मग एक पाइप चुकीचा आला. मग 'गणपतीत लेबर न्हाय'. पंधरा दिवसांनी तिनं फोनवर विचारलं, "शुक्रवारी तरी मिळेल का?"

"बघू," तो म्हणाला.

पुन्हा तोच शब्द! नेत्रानं फोन ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला, चिमीला ताप आहे. पाऊस कोसळत होता. एक रिक्षा थांबली नाही, दुसरी थांबून नाही म्हणाली, तिसऱ्यानं भलताच आकडा सांगितला. पाऊण तास तापलेलं पोर छातीशी धरून ती छत्रीखाली उभी होती, दर दोन मिनिटांनी त्या इवल्या कपाळाला हात लावत. डॉक्टर झाले, औषध झालं, ताप उतरला. पोरीला आजीजवळ निजवलं आणि शुक्रवारी संध्याकाळी ती तडक गाळ्यावर गेली.

दारात एक म्हातारी जेवणाचा डबा घेऊन बसली होती. नाकात मोठी नथ, कमरेला घट्ट लुगडं. तिनं नेत्राला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तूच गो ती झेनवाली? मी शकू, स्वरूपची आय. कवा येशील चावी मारायला? आठ दिस झायले इंजिन बसवून. रोज पुसतय गारी, न् उभा ऱ्हातय बगत."

आतून पाना पडल्याचा आवाज आला. स्वरूप दारात आला. आईकडे बघितलं, नेत्राकडे बघितलं, आणि चेहरा उतरला.

"आठ दिवस?" नेत्राचा आवाज अगदी शांत होता. "आठ दिवस गाडी तयार आहे?"

"मी..."

"काल माझी पोरगी तापानं फणफणली होती. पाऊण तास रिक्षासाठी उभी होते मी पावसात. आणि माझी गाडी इथं तुम्ही पुसताय? सील आलं नाही! पाइप चुकला! आणि वर 'बघू'? मला बघू? मला माणसं ओळखता येत नाहीत हे माहितीय मला, पण वाटलं होतं, निदान हा..." तिनं हात पुढे केला. "चावी."

त्यानं चावी दिली. ती बसली, चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन बोललं. स्वरूपनं काठी कानाला लावली, तिच्याकडे न बघता.

"एक मिनिट ऐकू द्या. मग जा."

तिनं ऐकू दिलं. मग गियर टाकला.

"पहिले पाचशे किलोमीटर दमानं!" तो मागून ओरडला. "तापवू नका!"

"तुम्ही सांगू नका!" ती खिडकीतून ओरडली, आणि निघाली.

खरा त्रास तर पुढेच होता. गाडी अगदी तिनं मागितली तशीच झाली होती. सिग्नलला पाय दाबला, निघाली. पुलावर दाबला, निघाली. चिमीच्या शाळेच्या गेटपाशी बोटभर दाबला, बोटभर सरकली. मागच्या सीटवर, तिनं न सांगता, लहान मुलाला बसेल असा पट्टा बसवलेला होता. चिमीनं तो स्वतः लावला आणि म्हणाली, "आई, हा माझ्या मापाचा आहे!" नेत्राला भर रस्त्यात डोळे पुसावे लागले. इतकं ऐकलं होतं ह्या माणसानं तिचं! मग तोंडानंच खोटं का बोलला?

आठ दिवस तिकडे फिरकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी ती गाळ्यासमोर हॉर्न वाजवत होती.

"आवाज येतोय," खाली उतरत ती म्हणाली. चेहरा कडक.

स्वरूपनं काठी आणली. डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"कायबी आवाज न्हाय."

"मला माहितीय."

त्यानं काठी खाली ठेवली.

"आता मी विचारणार आहे," ती म्हणाली, "आणि लगेच उत्तर पाहिजे. विचार करून नाही, सील मागवून नाही. गाडी का ठेवलीत?"

"गाडी गेली की तुमी येणार न्हाय म्हणून," तो म्हणाला. एका दमात. "चिमीचा ताप मला ठाऊक असता तर पाण्यातनं ढकलत आणली असती. चुकलो. खोटं बोललो, ते माफ करा नको करा. पण तुमी आवडता मला. पहिल्या दिवशी ओरडलात ना, तेव्हापासनं."

गल्लीत कुणीतरी पत्रा कापत होतं. नेत्रानं स्वरूपकडे बघितलं. रागानंच. पण त्या रागाला आता बसायला जागा उरली नव्हती...

"पुन्हा 'बघू' म्हणालात तर?"

"न्हाय म्हणणार."

"मागच्या सीटवर माझी पोरगी बसलीय. तिला मुर्ध्याच्या बोटी बघायच्यात. येता?"

"येतो."

तिनं मनात मोजलं. अर्धा क्षणही गेला नव्हता.

"मग हात धुवा आधी. सीट स्वच्छ आहेत. आणि बेल्ट लावा, मी अजून चिडलेलीच आहे."