पहिला बिंदू

वैजयंती थालीपीठ थापत होती, तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर लेकीची रेषा उमटली. डावीकडून उजवीकडे सरळ खाली उतरणारी. तव्यावरचं थालीपीठ करपलं तरी बाईंना पत्ता नाही.

मुलांच्या परीक्षा केव्हाच बंद झाल्या होत्या. सहाव्या आणि दहाव्या वर्षी कपाळाला आकलनपट्टी लावून आकृत्यांची कोडी सोडवायची, की बुद्धीचा अंक निघे. हे दोन बिंदू जोडायचे, आणि सोळाव्या वर्षी रेषा जिथे पोचेल त्यावर मुलाची शाखा ठरायची. झालं! शाल्मलीला सहाव्या वर्षी नव्वद होते, दहाव्या वर्षी सत्तर.

वैजयंतीनं तडक रेषाकेंद्र गाठलं. तिथल्या तुंगारेबाई मायाळू होत्या, पण नियमापुढे त्यांचंही काही चालत नव्हतं.

"चार वर्षांत वीस घटले, म्हणजे वर्षाला पाच," त्या म्हणाल्या. "रेषेचा चढ उणे पाच, म्हणजे उतारच. मागे शून्य वयापर्यंत नेली तर एकशेवीस. म्हणून समीकरण असं: एकशेवीसमधून वयाची पाचपट वजा करा. सोळाव्या वर्षी चाळीस. तिला हव्या त्या पशुवैद्यकीला साठ लागतात हो."

"अहो, मग तिसऱ्यांदा मोजा ना!"

"दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, ताई. तिसरा तिच्यावर बसेलच असं नाही. म्हणून तिसरा घेतच नाहीत."

खरं काय ते वैजयंतीलाच ठाऊक होतं. सत्तर खरे होते, पोरगी हुशारच होती. खोटे होते ते नव्वद! अख्ख्या कॉलनीनं पोरं पट्टीच्या क्लासला घातली, मग वैजयंती कशी मागे राहील? पहिल्या पट्टीआधी उन्हाळाभर तीच ती कोडी घोटून घेतली आणि वर पेढे वाटले; दहाव्या वर्षी कोडी नवी निघाली. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! आता खरं सांगावं तर फसवणूक म्हणून रेषाच रद्द, आणि बिनरेषेच्या मुलीला कुठली शाळा दारात उभी करते? गप्प बसावं तर चाळीस. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी शाल्मली शेजारच्या लंगड्या मांजरीच्या पायाला फडकं बांधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आई, मला दरवर्षी थोडं थोडं कमी कळत जाणार का गं?"

वैजयंतीनं तिला घट्ट जवळ घेतलं. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात धाकटा निषाद पळत आला. "आई, सोमवारी माझी पहिली पट्टी! ताईला शिकवलंस तसं मलाही शिकव ना. मला पण नव्वद पाहिजेत!"

वैजयंतीनं मनातल्या मनात त्याची रेषा ओढून पाहिली. याचा पहिला बिंदू जितका खाली, तितकी रेषा पुढे वर चढणार. पण येत असलेलं उत्तर चुकवायचं, हे पोटच्या पोराला कोणत्या तोंडानं शिकवायचं?