बाईंच्या पिंपातली माती

बाई गेल्या आणि महिन्याभराने त्यांच्या भाचीचा फोन आला, की आत्याने तिचं माती मुरवायचं पिंप तुमच्यासाठी ठेवलंय, घेऊन जा. मी गेले. खरं सांगते, पिंप घ्यायचा उत्साह मला मुळीच नव्हता. मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघून दोन महिने झाले तरी उजवा हात थरथरत होता. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणणं हा आमच्या कामातला श्रीगणेशा. तीस वर्षं भांडी घडवून मला नेमकं तेच जमेना. गोळा डगमगायचा, मी चाक बंद करून रडायचे. उद्यापासून मी कोण, हाच घोर लागला होता.

बाईंनीच मला हे काम शिकवलं. भारी फटकळ बाई. भाची हळू आवाजात म्हणाली, शेवटच्या आठवड्यात आत्याने फळीवरची सगळी न भाजलेली भांडी एकेक करून याच पिंपातल्या पाण्यात सोडली. कच्चं भांडं पाण्यात विरघळून पुन्हा माती होतं. भट्टीतून निघालं की मात्र परतीची वाट नाही. उरलीसुरली माती आम्ही सगळेच अशी मुरवतो, पण अख्खी फळी कोणी बुडवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगल्या लख्ख उजेडात, मी पिंपातल्या मातीचा गोळा चाकावर ठेवला. ओल्या मातीचा वास आला, आणि त्यामागून बाई सांध्यांना लावत त्या मलमाचा. माती वास धरते, म्हटलं. हात ठेवले आणि गोळा स्थिर झाला. थरथर नाही, काही नाही. माझ्या हातांवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटलं… पण आनंद एवढा झाला होता की तिकडे लक्ष कोण देतो!

आठवड्यात वीस भांडी झाली. एकविसावं पुसताना बोट आतून फिरवलं आणि थबकले. घडवताना भांड्याच्या आत बोटांच्या वळ्या उमटतात, चाक फिरतं त्यावरून त्यांची दिशा ठरते. या वळ्या उलट्या होत्या. बाई डावऱ्या, त्यांचं चाक उलटं फिरायचं. माझ्या चाकाला उलटं फिरायची सोयच नाही. मी विसाच्या वीस भांड्यांत बोट घालून पाहिलं.

नवऱ्याला वळ्यांचं काही बोलले नाही. त्याने फळीवरचं एक भांडं उचलून फिरवून पाहिलं.

"झकास आहेत," तो म्हणाला. "पण… तुझी वाटत नाहीत गं."

ते मला लागलं. त्याच संध्याकाळी पिंपाला झाकण लावून वर दगड ठेवला. नवी माती आणली आणि बसले. हात पुन्हा थरथरायला लागला. चार गोळे वाया गेले. पाचव्याचा एक वाडगा झाला, काठ खालीवर, एका बाजूला कललेला. वळ्या मात्र सुलट्या. नकटं असलं तरी आपलं लेकरू! मी तो फळीवर ठेवला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी पाहिलं तर वाडग्याच्या तळाशी अंगठ्याचा ठसा. माझ्या अंगठ्याहून लहान. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी खोलीत गेलोच नाही. आणि त्याचा अंगठा तर माझ्या दीडपट.

बाई कधी कुणाला शाबासकी देत नसत. एखाद्याचं भांडं मनापासून आवडलं, तर तळाशी अंगठा दाबून पुढे जात. तीस वर्षांत माझ्या एकाही भांड्यावर त्यांनी तो दाबला नव्हता. मी वाडगा छातीशी धरला आणि हमसून रडले, आणि त्याच वेळी अंगावर काटा उभा राहिला होता.

आज अकरावा दिवस. वाडगा भट्टीत घालायचा धीर होत नाही. तो केव्हाच वाळून पांढरा पडलाय. तेवढा ठसा अजून ओला आहे.