सुनितानं उघडलेला इश्यू

या, सरका जवळ. हिरू, दाराला कडी लाव, आन् मधी दात काढायचे नाय. ही कशेळ्याच्या श्रीपतच्या पोरीची गोष्ट हाय, अपेक्षाची. श्रीपत माझा जुना दोस्त. पोरीनं माझ्या बायकोच्या पदरात तोंड खुपसून सांगितली, म्हणून मी सांगतो. नायतर असल्या गोष्टींच्या वाटेला मी जात नाय.

गेल्या साली, दिवाळी उरकल्यावरचा दुसरा शनिवार. अमावस्या नाय, काय नाय, चांगलं लख्ख चांदणं. कशेळ्यात लाईट गेलेली, काम अडलेलं, म्हणून अपेक्षा शेवटच्या जीपनं कर्जतला आली. तिचा मावसभाऊ मिलिंद तिथं एका कंपनीचं ऑफिस सांभाळायचा, हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या माळ्याला. चावी तिच्यापाशी होती. काम संपवायचं आन् मागच्या गल्लीत चंद्रभागामावशीकडं, म्हंजे मिलिंदच्याच घरी, झोपायला जायचं, एवढाच बेत.

काम कसलं? सांगतो. त्यांच्यात काय बिघडलं की कंप्युटरात नोंद करतात. काय बिघडलंय, कुणी दुरुस्त करायचं. त्याला म्हणायचं इश्यू. आता तो इश्यू माणूस नाय, एआयचा एजंट उघडतो. प्लॉट विकणारा एजंट नव्हं रं कमळ्या, मशीन! पण मशीनला अक्कल शिकवावी लागते ना? इश्यू कसा उघडायचा, कधी उघडायचा नाय, हे सगळं अपेक्षानं लिहिलेलं, डोळे फोडून फोडून. पहिली पानं मिलिंदनं दिली होती. म्हणाला, "ही माझी. पुढं तू वाढव. लिखाणावर तुझं नाव लागलं की कंपनी तुला पर्मनंट करते." त्या एका नावावर पोरीनं जीव टाकला होता.

पावणेबाराला तिनं लिखाण उघडलं. वर नाव मिलिंदचं.

तिला वाटलं, कायतरी चुकलं. लावला फोन.

"दादा, माझं नाव कुठं गेलं?"

"मीच बदललं गं. वर माझ्या नावानं पाठवलंय."

"पण लिहिलं मी ना?"

"तुझं काय एवढं? तू तर घरचीच हायेस. आन् ऐक, सोमवारपासून येऊ नको. बघू तुझं दुसरीकडं."

ठेवून दिला फोन. बघा! परक्यानं गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. ही त्याला लहानपणापासून राखी बांधायची. तिला रडू पण फुटंना.

मग चढला राग. त्याच एजंटाला तिनं लिहिलं: "इश्यू उघड. हे लिखाण माझं आहे. माझं नाव काढलंय."

आता तिनंच त्याला शिकवलेलं, नवा इश्यू उघडायच्या आधी जुन्यांत शोध. तोच सापडला तर नवा उघडू नको, जुना दाखव. मग माणसानं त्याच्याखाली 'मलाही' दाबायचं, की तिथं त्याचं पण नाव लागतं.

एजंटानं शोधलं. उत्तर आलं: "हा इश्यू आधीच आहे. नवा उघडत नाही."

जुना इश्यू समोर आला. "हे लिखाण माझं आहे. माझं नाव काढलंय." शब्दाला शब्द तोच. उघडणारी, सुनिता. खाली पुराव्याला पानं जोडलेली. मिलिंदनं 'ही माझी' म्हणून दिलेली, तीच पानं.

सुनिता खालापूरची. अपेक्षाच्या आधी त्याच खुर्चीत बसायची. "तिला काम जमत नव्हतं," असं मिलिंद सांगायचा. पावसाळ्यात काविळीनं गेली बिचारी. मयताला अपेक्षा स्वतः गेलेली.

तेवढ्यात लाईट गेली.

वायफायचा दिवा विझला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू. नेट नाय. काय नाय.

आन् इश्यूच्या खाली अक्षरं आली...

"सुनिता लिहीत आहे..."

अपेक्षानं हात मागं घेतला. खाली रस्ता सुनसान.

"सुनिता लिहीत आहे..."

मग एकच शब्द.

"दाब."

...

तिनं दाबलं. इश्यूखाली दोन नावं झाली. सुनिता. अपेक्षा.

उद्या कोण खरं मानणार, म्हणून तिनं मोबाईलवर फोटो काढला. फोटोत बघते तर...

नावं तीन.

तिसरं, आरोही.

त्या ऑफिसात आरोही म्हणून कुणीच नव्हतं. पोरगी चप्पल टाकून धावत सुटली.

रविवारी मावशीसमोर तिनं मिलिंदला इश्यू उघडायला लावला. सापडलाच नाय. सुनिताच्या नावाचं तिथं काही म्हंजे काहीच नाय. "झोप झाली नाय तुझी," म्हणाला तो, आन् चहा पीत बसला. मावशीनं पण मान खाली घातली. अपेक्षाला भुतापेक्षा त्याचं जास्त लागलं, असं ती अजून म्हणते.

सोमवारी ती चावी परत द्यायला गेली. जिन्यात एक पोरगी उभी, नवा ड्रेस, हातात डबा.

"ताई, मिलिंद सरांचं ऑफिस हेच ना? आज पहिला दिवस हाय माझा."

"नाव काय गं तुझं?"

"आरोही. काल संध्याकाळी सरांचा फोन आला. त्याआधी मला हे ऑफिस ठाऊक पण नव्हतं."

अपेक्षानं मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. फोटो शनिवारच्या रात्रीचा. तो अजून हाय तिच्याकडं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तीन नावं हायेत.