हातणीगडाचा पाणीचितारी

कोरा कागद

हातणीगडावर पहाट झाली, आणि ती कुणालाच आवडली नाही. पूर्वेच्या डोंगरधारेवर तांबडं फुटलं, खाली फिरंग्यांच्या मोर्च्यांतून धुराच्या रेघा निघाल्या, वर बुरुजावरच्या गस्तकऱ्यांनी सुकल्या ओठांवरून सुकली जीभ फिरवली. आणि शहाणा माणूस तटाआड डोकं घालतो नेमक्या त्या वेळी दिंडी दरवाजा किलकिला झाला नि खांद्यावर कावड, काखेत कागदाचं भेंडोळं, डोक्यावर वेताची टोपी, अशा थाटात स्पेन देशीचा चितारी डॉन इग्नासियो पायऱ्या उतरू लागला.

गडावरून हसले. "निघाला पाण्याचा राजा!"

मोर्च्यांतूनही हसले.

इग्नासियोनं कुणाकडं पाहिलं नाही. दोन्ही फौजांत धड नेम धरणारा माणूस नाही, हे त्याचं मत होतं. चित्र कळणारा तर नाहीच नाही. पाण्याच्या रंगांत काढतो म्हणून तेलरंगवाले टोमणे मारत; त्यांना विटून त्यानं मायदेशीचं कादिस बंदर सोडलं, गोव्याला लागला, तिथून इथं आला, आणि रंगाऱ्याच्या सगुणेशी लग्न करून राहिला. मूर्ख सगळीकडं सारखेच निघाले. सगुणा मात्र एकच निघाली.

पहिला हात

गडाचं टाकं आटलं होतं. जिवंत झरा पायथ्याशी, वेढा घालून बसलेल्या करनल विटकमच्या तोफांखाली. पण करनलला गड घेण्याआधीच गड घेतल्याचं चित्र हवं होतं: मागं हातणीगड, पुढं घोड्यावर स्वतः. इग्नासियोनं त्याला गंभीरपणे सांगितलं, पाण्याच्या रंगाला रोज ताजं झऱ्याचं पाणी लागतं. रंग बायकोच्या हातचे, ते गडावरच भिजतात. सबब रोज दोन घागरी वर गेल्या पाहिजेत. करनलनं मान डोलावली. अडाण्याला अडाणी दिसण्याचं भय फार.

चित्रातला गड सगुणेच्या रंगांचा होता: नीळ, काथ, मंजिष्ठ, तुरटीनं पक्के केलेले. तिचा रंग धुऊन जात नसे. करनलनं स्वतःला नि घोड्याला मात्र आपल्या विलायती रंगाच्या वड्यांनीच रंगवून घेतलं. त्याच्या मानाला देशी रंग शोभत नव्हता. वड्या सुरेख, महाग, आणि ओलं बोट लागताच सुटणाऱ्या.

वर सदरेवर सरदार हैबतराव सांडभोर कावडीची वाट पाहत असत. इग्नासियोनं एकदा त्यांची तसबीर काढली होती, गालावर सावली धरून. "आमचं अर्धं तोंड काळं केलंस?" म्हणून सरदार गरजले होते, आणि तेव्हापासून गडावर त्याला माणसं काढायची बंदी होती.

"इनास," इग्नासियोचं नाव ते असंच घेत, "एक घागर आमच्या स्नानास."

"हुजूर, माझी पोर येलू तापानं फणफणलीय. रंगारआळीतली पोरं ओली चिंधी चोखतात."

"पोरांच्या तापापायी सांडभोरांनी पारोसं बसावं?"

"वाहवा, हुजूर!" दिवाण नारो आप्पाजी लगबगीनं पुढं झाले आणि त्यांनी गुलाबदाणी झाडली. कौतुकाची गोष्ट झाली की गुलाबपाणी शिंपायचं, आणि पहिला मान दिवाणांचा, ही या दरबाराची चाल. गडाला प्यायला पाणी नव्हतं, खुशामतीला होतं.

इग्नासियोनं मुजरा केला. फार खाली वाकून. चेहरा लपवायला तेवढीच जागा होती.

एक घागर न्हाणीघरात गेली. दुसरी रंगारआळीत वाटली गेली, वाटीवाटीनं.

दुसरा हात

त्या सकाळी करनल हसत नव्हता.

दुभाष्या म्हणाला, "चितारी, तुमच्या दिवाणांचा निरोप आलाय. पाणी रंगाला नाही, घशाला जातं म्हणे. साहेबांचा हुकूम आहे, दोन्ही घागरी इथं, आमच्या डोळ्यांदेखत, चित्राला वापरायच्या. पाणी उरलं तर तो आंबा बघ. फास बांधून ठेवलाय."

सगळे अंमलदार भोवती जमले. इग्नासियोनं चित्राकडं पाहिलं. घोड्याच्या मानेवर उतरलेलं ते ऊन! एवढं चांगलं त्याच्या हातून जन्मात उतरलं नव्हतं, आणि उतरलं ते या गाढवाच्या घोड्यावर. मग त्याला येलूचे ओठ आठवले.

"आजच सांगणार होतो," तो म्हणाला. "चित्राचं न्हाण आहे आज."

त्यानं फळा तिरपा केला आणि घागर उपडी केली. मग दुसरी.

लाल डगला आधी सुटला. मग मिशा, तलवार, घोडा, घोड्यावरचं ऊन. करनल विटकम साहेब ओघळत ओघळत गवतात गेले. हातणीगड, तटाबुरुजांसह, होता तसा उभा राहिला.

अंमलदार वाकून गवतात पाहू लागले.

"साहेब कुठं गेले?" दुभाष्यानं विचारलं.

"कच्चा हात धुतल्याशिवाय पक्का बसत नाही. आमच्याकडं राजेरजवाड्यांना सात-सात वेळा धुतात. हलक्या माणसांचं एका हातात भागतं. साहेबांना तसं चालत असेल, तर आजच संपवतो."

करनलनं अंमलदारांकडं पाहिलं. अंमलदारांनी करनलकडं.

"साहेब म्हणतात, हे त्यांना ठाऊकच होतं."

"मग उद्यापासून चार घागरी लागतील. आणि आजच्या दोन पुन्हा भरून द्या."

दिंडी दरवाजा पाठीमागं लागला तेव्हाच त्यानं कावड खाली टेकवली.

पुसट

साहेब धुतले जात राहिले. धुता धुता घाटावरून कुमकेची फौज उतरली. करनल मोर्चे उठवून पळाला, चित्र टाकून. येलूचा ताप तोवर उतरला होता. दिवाणांच्या फितुरीबद्दल इग्नासियोनं सदरेवर तोंड उघडलं. एका चिताऱ्याच्या शब्दावर? दरबार पोट धरून हसला, सर्वांत मोठ्यानं दिवाण.

सरदारांनी विजयाचा दरबार भरवायचा ठरवला. "चित्रातल्या त्या रिकाम्या जागी आम्ही. घोड्यावर. आणि सावली नको."

"सावली नाही, हुजूर. साहेबाच्या विलायती वड्या उरल्यात. की देशी रंग घेऊ?"

"विलायती! हे काय विचारणं?"

दरबारात पडदा सरला. हैबतराव घोड्यावर झळकत होते, दोन्ही गाल उजळ. "वाहवा! वाहवा!" मानकरी उठले; पण पहिला मान दिवाणांचा. नारो आप्पाजींनी गुलाबदाणी उचलली आणि धन्याच्या मुखावर मनापासून, उदार हातानं गुलाबपाणी शिंपलं.

आधी नाक गेलं.

भर दरबारात धन्याचं तोंड पुसलं, या बेअदबीपायी दिवाणांच्या पायांत बेड्या पडल्या. फितुरीबद्दल त्यांना शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

सदर रिकामी झाल्यावर सगुणा येलूला कडेवर घेऊन चित्रापाशी आली. फरशीवर गुलाबी चिखल झाला होता.

"अहो, गड राहिला की!"

"तो तुझा रंग," इग्नासियो म्हणाला. "गेली ती नुसती माणसं."