वर केलेली मूठ

खरं तर त्या दिवशी छापखान्यात तिचं काहीच काम नव्हतं. पण साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचा लाल रंग विटकरी उतरतोय असा निरोप आला, नेहमी जाणारा सहकारी नेमका रजेवर, म्हणून चित्र जिनं काढलं होतं तिलाच जावं लागलं. मशीनघराचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. चार मशीनं एकदम धडधडत होती... आणि गलबला म्हणजे तिचा जुना वैरी.

कान तिचे ठणठणीत होते, तीनदा तपासून झाले होते. पण एडीएचडी असलेल्या तिच्या डोक्याला आवाजांची निवडच करता येत नसे. समोरच्याचा शब्द, कपबशीची किणकिण, मागच्या टेबलावरचं हसू – सगळं एकाच दारातून एकदम आत घुसायचं. घरी तिला भिरभिरं म्हणत. सांगायला गेलं की लोक हसण्यावारी नेत, म्हणून भिरभिऱ्यानं आपला एक उपाय शोधला होता. हसायचं आणि मान डोलवायची.

इथे मात्र कुणी बोलतच नव्हतं. तरुण मशीनमननं पलीकडच्या फोरमनकाकांना दोन बोटं चोळून दाखवली, काकांनी शाई वाढवली. त्यानं तळहात खाली दाबला, मशीन मंदावलं. मग तो तिच्याकडे वळला, ताजा कागद समोर धरून त्यानं भुवई उडवली – हा लाल चालेल? आणि तिला कळलं. एवढ्या गदारोळात तिला सगळं, सगळं कळलं. माणसाचे हात इतकं बोलू शकतात हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती थक्क होऊन त्या शाईभरल्या बोटांकडे बघत राहिली.

मग त्या लालमध्ये दर आठवड्याला काही ना काही खोट निघू लागली. काका मिशीतल्या मिशीत हसू लागले. बाहेरच्या बाकावर बसून त्यानं तिला खुणा शिकवल्या. मूठ वर म्हणजे थांबा. ती दिसली की चारही मशीनं बंद करायची, मग ती कुणीही करो.

"कुणीही?"

"मालकसुद्धा... आणि उगाच लाल रंग बघायला येणारी माणसंसुद्धा."

घोड्यानं पेंड खाल्ली ती कॅफेत. चार महिन्यांनंतरच्या एका संध्याकाळी, भरगर्दीत तो बराच वेळ काहीतरी बोलला आणि प्रश्न विचारून थांबला. तिनं सवयीनं हसून मान डोलावली. त्याचा चेहरा उतरला. का, ते विचारायचं धाडस तिला झालं नाही.

सकाळी काकांचा फोन आला. त्याला दूरच्या शहरात मोठ्या छापखान्यात नोकरी मिळत होती, तुला विचारून ठरवणार होता, तू म्हणे हसत हसत जा म्हणालीस, आज दुपारी राजीनामा देतोय. काका जरा रागावूनच बोलले.

ती धावतच मशीनघरात आली. तो टोकाच्या मशीनवर होता. त्यानं एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. हाका मारून उपयोग नव्हता.

तिनं मूठ वर केली.

एकामागून एक चारही मशीनं थांबली. केवढी ती शांतता... तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. सगळे तिच्याकडे बघत होते.

"काल मला काहीच ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "गर्दीत मला माणसाचं बोलणं वेगळं काढता येत नाही. लाज वाटते म्हणून मान डोलावते. तुझ्याशीही तेच केलं मी."

तो हात पुसत जवळ आला. "म्हणजे चार महिने मी बोललो ते सगळं–"

"कॅफेतलं वाया गेलं. इथलं एकही नाही."

"मग इथेच विचारतो. जाऊ?"

"नको. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

त्यानं तिचा हात हातात घेतला, शाईसकट. मागून काका खाकरले, शाई वाळतेय म्हणाले. त्यानं वळूनही न बघता दुसऱ्या हाताची मूठ वर केली. काकांनी मुकाट्यानं बटणावरचं बोट काढलं.