अजेयचा आवाज

चांदनी मार्केटच्या त्या बोळात मी फक्त एक केबल घ्यायला शिरले होते. भाद्रपदातला चिकट पाऊस, पत्र्यावरून ठिबकणारं पाणी, दुकानांपुढे लटकणारे वायरींचे घोस… आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक उंच तरुण फोनवर म्हणत होता, "आई, तू जेवून घे. मला उशीर होणार. नको, गॅसला हात नको लावू. थंडच खा."

कोलकात्यात येऊन मला वर्ष होत आलं होतं. ऑफिसात इंग्रजी, टॅक्सीत हिंदी, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं बंगाली. मराठी उरली होती ती फोनपुरती. अशी अचानक कानावर पडली तेव्हा मी वळून पाहिलंच. आवाज मात्र घोगरा होता. घसा बसलेल्या माणसाचा असतो तसा, पण त्याहून खोल कुठेतरी बिघडलेला.

फोन ठेवून तो दुकानदाराशी बंगालीत बोलू लागला. दुकानदार त्याच्या गळ्यात एक भलामोठा साउंड मिक्सर मारत होता. 'लॅपटॉप', 'रेकॉर्डिंग' एवढं मला कळलं, आणि राहवलं नाही.

"ते नका घेऊ," मी म्हटलं. "घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचंय ना? मग हे पुरे." कपाटातली मुठीएवढी पेटी मी पुढे ओढली. "ऑडिओ इंटरफेस म्हणतात याला. इकडे माइक लावायचा, तिकडून यूएसबीची वायर लॅपटॉपला. वेगळी वीजही लागत नाही. पिशवीत टाकून कुठेही न्या."

त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ.

"तुम्ही मराठी?"

"तुमच्याइतकीच."

"मग जास्तच. माझी मराठी आईपुरती आहे."

"गाता का तुम्ही?" मी हसत विचारलं.

"नाही." तोही हसला. "पुढच्या महिन्यात माझी आवाज काढून टाकणार आहेत. त्याआधी भरून ठेवायची आहे."

माझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. आणि तोंडातून निघालं ते हे— "माझा. आवाज… तो आवाज. माझा आवाज."

काय बोलून बसले हे कळलं तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटलं. पण तो हसत सुटला, खोकला येईपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "कॅन्सर कळल्यापासून कुणी माझी चूक काढली नव्हती. सगळे फार गोड वागतात हो. तुमचं नाव काय?"

"कादंबरी."

"मी अजेय."

बाहेर पाऊस थांबेपर्यंत आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे होतो. तो बराकपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. वडील सरकारी कारखान्यात बदलून आले, मग तिथलेच झाले आणि तिथेच वारले. आता घरी तो आणि आई, सरलाकाकू. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती.

"आवाज गेला तर मी लिहून दाखवीन सगळ्यांना," तो म्हणाला. "आईला काय दाखवू?"

त्याने ऐकलं होतं की आपल्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड केली, की कॉम्प्युटर तो आवाज शिकतो. मग आपण टाइप करायचं आणि तो बोलणार. पण वाक्यं मराठीत हवी होती, आणि शुद्ध हवी होती. मी न्यू टाउनच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ करायचे, त्यांना आवाज माझाच असायचा. हे मी त्याला सांगितलं. का सांगितलं? तेव्हा वाटलं, माणुसकी म्हणून…

त्यानंतर प्रत्येक रविवारी विधाननगर स्टेशनातून मी बराकपूरची गाडी पकडू लागले.

आतल्या खोलीत खिडकीला गोधडी टांगायची, पंखा बंद करायचा, आणि दोघांनी घामाने निथळत बसायचं. त्याच्यापुढे माइक, माझ्या कानांवर हेडफोन, मध्ये ती पेटी. बोलताना तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. आवाज चढला की लाल.

"आई, जेवलीस का?" मी सांगायचे. तो म्हणायचा.

"आई, गोळी घेतलीस का?"

"आई, मी आलो."

रेल्वे जवळच होती. गाडी गेली की थांबायचं. त्या थांबण्यात तो माझ्याकडे बघत बसायचा.

"काय?" मी विचारायचे.

"काही नाही. गाडी लांब आहे."

"मालगाडी नाहीये ती."

"मला वाटलं मालगाडी आहे." आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

मराठीतली लिंगं त्याला छळायची. बंगालीत वाढलेला माणूस! "ही पेटी, तो माइक, ते यंत्र," तो पाठ करायचा. एकदा मध्येच थांबून त्याने विचारलं, "आणि प्रेम?"

"ते प्रेम." मी लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "नपुंसकलिंगी."

"म्हणजे त्याचंही नाही, तिचंही नाही?"

"दिवा लाल होतोय. हळू बोल."

"मी तर कुजबुजलो…"

खरंच कुजबुजला होता. आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

पण दर रविवारी पेटीवरची खुंटी मला थोडी अधिक फिरवावी लागत होती. त्याचा आवाज खाली जात होता. आधी शब्दांची टोकं गेली, मग वाक्याचा शेवट. हेडफोनमध्ये त्याच्या श्वासाची घरघर शब्दांच्याही वर येऊ लागली. एका रविवारी खुंटी पार शेवटाला टेकली, तरी ऐकू येत होती ती नुसती खरखर आणि तिच्याखाली कुठेतरी तो. मी मान खाली घातली. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून.

"संपलं का?" त्याने विचारलं.

"अजून थोडं आहे."

"कादंबरी, माझ्याशी खोटं बोलू नकोस. त्यासाठी बाकीचे आहेत."

"संपलं," मी म्हटलं.

बाहेर दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू ठोकत होते. मी हेडफोन काढले. "एक वाक्य माझ्यासाठी बोल," मी म्हटलं. "एकच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे करून यूएसबीची वायर उपटली. दिवा विझला.

"नाही. ते यात राहिलं तर तू आयुष्यभर तेच ऐकत बसशील. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तर…"

"मग यंत्राशिवाय बोल. मी ऐकतेय."

"ऑपरेशन झाल्यावर."

"तेव्हा तुला आवाज नसेल, अजेय."

"म्हणूनच. तेव्हाचा मी कसा आहे ते आधी बघ."

ऑपरेशन झालं ते ऐन पूजेत. शहरभर पूजेचे ढोल, ढाक वाजत होते आणि आम्ही इस्पितळाच्या बाकावर. सरलाकाकूंचा हात माझ्या हातात होता. तो वाचला. पण मानेतल्या गाठींतही रोग सापडला होता. रेडिएशन द्यावं लागेल, पुढचं आता सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. गळ्याला पाडलेल्या भोकातून तो श्वास घेत होता. शिट्टीसारखा, ओला आवाज यायचा त्यातून.

घरी आल्यावर त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, टाइप केलं. खोलीत त्याचा आवाज आला, कॉम्प्युटरने खरखर गाळलेला, चांगला, स्वच्छ, आजाराआधीचा वाटावा असा. "आई, मी बरा आहे."

काकूंनी मान फिरवली.

"बंद कर ते."

"काकू, हा त्याचाच आवाज आहे," मी म्हटलं.

"त्याचा असेल. तो नाही त्यात. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो गं. हे श्वासच घेत नाही." त्या चाचपडत त्याच्यापाशी गेल्या, त्याच्या छातीवर कान टेकून उभ्या राहिल्या. "हा माझा. हा घरघर करतोय तो."

इतक्या रविवारांचं सगळं काम असं एका क्षणात वाया गेलं. अजेयने लॅपटॉप मिटला. त्यानंतर त्याने मला फोनवर एवढंच लिहिलं— 'येऊ नकोस.'

मी माझ्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "कादंबरी, दया वेगळी आणि प्रेम वेगळं. घरी ये चार दिवस." मी तिच्यावर रागावले नाही. तिने विचारलं तेच मी स्वतःला रोज विचारत होते. पण दया आली की माणूस त्या जागेपासून लवकर सुटायला बघतो. मला तर रविवारची वाटही बघवत नव्हती. मी शुक्रवारीच जायला लागले.

तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी काकूंशी बोलायचे, भाजी निवडायचे, त्याला रेडिएशनला घेऊन जायचे. गाडीत तो रागाने ओठ हलवायचा, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. हळूहळू मला ते कळू लागलं. पहिलं नीट कळलेलं वाक्य होतं— 'जा ना.' दुसरं— 'खिडकी लाव, थंडी वाजते.' मी खिडकी लावली. जायचं राहू दिलं.

मग तो आईला काही सांगायचा तेव्हा नुसते ओठ हलवायचा, आणि मी मोठ्याने म्हणायचे. काकूंना ते चालायचं. "तू बोलतेस तेव्हा आधी त्याचा श्वास ऐकू येतो," त्या म्हणायच्या.

पौषातली दुपार होती. व्हरांड्यात ऊन आलं होतं. अजेय मफलर गुंडाळून बसला होता. रेडिएशनने मान काळी पडली होती, अंग निम्मं झालं होतं. काकू वाटाणे सोलत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "अजेय, ही मुलगी एवढ्या लांबून का येते रे? कधी विचारलंस तिला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"काय म्हणतो?"

"म्हणतो… विचारायची हिंमत झाली नाही."

"का?"

तो हळूहळू बोलू लागला. मी त्याच्या ओठांवरून नजर न काढता मागून म्हणत गेले, "मी किती जगेन ते माहीत नाही. तिला बांधून ठेवायचा मला हक्क नाही. मी तिला नको म्हटलं, तेव्हा मला वाटत होतं तिने ऐकू नये. ती यायची नाही त्या दिवशी मी फाटकाकडे बघत बसायचो. आई, माझं तिच्यावर…"

मी थांबले.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

अजेय खुर्चीवरून पुढे झुकला. त्याने माझी हनुवटी धरली आणि तेच शब्द परत उच्चारले. अगदी सावकाश, एकेक अक्षर, मला चुकता येऊ नये असे.

"माझं तिच्यावर प्रेम आहे," मी म्हटलं.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे तो म्हणाला," त्यांनी विचारलं, "की तू?"

"दोघंही, काकू."